राहायचे कुठे आणि धावायचे कुठे : उंची, उकाडा, थंडी आणि महानगर

पायवाट

पुढची काही वर्षे कुठे राहायचे हे ठरवण्याची मोकळीक कामाच्या स्वरूपामुळे मला मिळाली आहे. घर, मुलांच्या शाळा आणि प्रवास यांचा विचार घरात स्वतंत्रपणे चालू आहे. या धाग्यात मला केवळ धावण्याच्या अंगाने चर्चा हवी आहे. मी मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावते, आणि माझ्या बहुतेक स्पर्धा समुद्रसपाटीच्या जवळपास होतात. समोर चार प्रकारच्या जागा आहेत : दोन हजार मीटरच्या वर वसलेले डोंगराळ गाव, दमट हवेचे किनाऱ्यावरचे शहर, लांब हिवाळ्याचा थंड प्रदेश आणि सपाट, गजबजलेले महानगर.

या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतेक सराव शिबिरांविषयी असते. धावपटू काही आठवडे उंचीवर जातो, ताण सोसतो आणि परत येऊन त्याचा फायदा घेतो. कायमचे राहणे ही गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे परत येणे नसते; तीच हवा, तेच चढ आणि तोच ऋतू रोज समोर असतो, मग त्या दिवशी अंगात जोर असो वा नसो. म्हणून ज्यांनी अशा ठिकाणी संसार मांडून सराव केला आहे त्यांनी लिहावे, आणि फायद्यांइतकेच तोट्यांविषयीही मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

उंचसखल

मी बरीच वर्षे उंचीवर राहतो, त्यामुळे त्याविषयीच लिहितो.

उंचीवर प्राणवायू कमी असतो असे आपण म्हणतो, पण हवेतले त्याचे प्रमाण सगळीकडे २०.९ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. २४०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असतो, आणि त्यामुळे फुप्फुसांतून रक्तात प्राणवायू ढकलणारा जोरही तेवढाच कमी होतो. याचा परिणाम जगाने १९६८ साली मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये पाहिला. ते शहर सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा विरोध कमी असल्यामुळे तिथे बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली आणि कमी अंतराच्या शर्यतींत विक्रम झाले. पण दहा हजार मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमूने २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकली. त्या वेळचा विश्वविक्रम २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा होता आणि तो ज्याच्या नावावर होता, तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा येऊन अंतिम रेषेवर कोसळला. उंचीवर वाढलेले आणि सपाटीवरून आलेले धावपटू यांच्यातला फरक त्या एका शर्यतीत उघड झाला.

आता राहणाऱ्याचा अनुभव. सुरुवातीच्या आठवड्यात शरीर रक्तातले पाणी कमी करते, त्यामुळे रक्त दाट होते आणि हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. ज्या वेगात सपाटीवर गप्पा मारता येतात, त्याच वेगात इथे वाक्य अर्ध्यावर तुटते. रात्री झोपेत श्वास संथ होत होत काही क्षण थांबतो आणि मग दीर्घ श्वास घेऊन माणूस दचकून जागा होतो. हे नव्या माणसाला घाबरवते, पण बहुतेकांच्या बाबतीत ते काही रात्रींत ओसरते. एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी बनवायला लावणारे संप्रेरक पहिल्या दिवसापासूनच वाढते, मात्र तांबड्या पेशींचा साठा खरोखर वाढायला तीन ते चार आठवडे लागतात. त्यासाठी लोह लागते. शरीरात लोहाचा साठा नसेल तर उंची काहीही देत नाही, उलट थकवा मात्र पुरेपूर देते. इथे येऊन निराश झालेल्या अनेक धावपटूंचे मूळ कारण मला हेच दिसले आहे, आणि पाळीतून दर महिन्याला लोह गमावणाऱ्या स्त्रियांनी तर याकडे विशेष लक्ष द्यायला हवे.

सगळ्यांत मोठा तोटा वेगाचा आहे. उंचीवर फुप्फुसे आणि हृदय कमाल ताणावर असतात, पण पाय कमाल वेगाने पळत नाहीत. वर्षभर असेच चालले तर पायांची वेगाची सवय मोडते. १९९७ साली लेव्हाइन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार आठवडे २५०० मीटरवर राहणाऱ्यांपैकी एका गटाने सरावही उंचीवरच केला, तर दुसरा गट सरावासाठी १२५० मीटरवर उतरत असे. तांबड्या पेशी दोघांच्या वाढल्या, पण समुद्रसपाटीवरच्या पाच हजार मीटर शर्यतीची वेळ सुधारली ती फक्त खाली उतरून सराव करणाऱ्यांची. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफमध्ये राहणारे धावपटू म्हणूनच वेगाच्या सरावासाठी गाडीने कॅम्प व्हर्डी किंवा सेडोना इथे हजारेक मीटर खाली उतरतात.

तेव्हा पायवाट ताई, तुमच्या डोंगराळ गावाविषयी माझा पहिला प्रश्न त्याच्या उंचीचा नाही. तिथून तासाभरात हजार मीटर खाली उतरता येते का, आणि खाली सपाट रस्ता किंवा ट्रॅक आहे का, हे आधी पाहा.

खारा वारा

मी किनाऱ्यावर राहतो आणि दमट उकाड्यात धावतो. वरचा प्रतिसाद वाचून वाटले की आमच्या भागातली अडचणही तितक्याच नेमकेपणाने मांडावी.

धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ६० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यांतल्या ४५० च्या आसपास अंगाबाहेर टाकाव्या लागतात. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर ती साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत हा हिशेब सहज जुळतो. दमट हवेत मात्र घाम वाळतच नाही. तो कोपरावरून आणि हनुवटीवरून टपकतो, मोज्यांत उतरतो, आणि तासाभरात बुटांतून प्रत्येक पावलाला पचपच आवाज येऊ लागतो. जो घाम टपकला त्याने अंग थंड केले नाही, पाणी आणि मीठ मात्र गेले. म्हणून नुसते तापमान पाहून बाहेर पडणे आमच्याकडे निरुपयोगी आहे. स्पर्धांचे आयोजक जो वेट बल्ब ग्लोब निर्देशांक वापरतात, त्यात ओल्या कापडात गुंडाळलेल्या, म्हणजे आर्द्रतेचा परिणाम दाखवणाऱ्या, तापमापकाच्या नोंदीला ७० टक्के वजन असते आणि साध्या तापमानाला केवळ १० टक्के, ते याच कारणाने.

२०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेतली स्त्रियांची मॅरेथॉन उकाडा टाळण्यासाठी मध्यरात्री सुरू करण्यात आली, तरी धावायला उतरलेल्या ६८ जणींपैकी २८ जणींना शर्यत पूर्ण करता आली नाही. ऊन नव्हते, पण आर्द्रता होतीच. ज्यांना असे वाटते की पहाटे उठून धावले की किनाऱ्यावरचा प्रश्न सुटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे; पहाटे तापमान उतरते तेव्हा आर्द्रता बहुधा दिवसातली सर्वांत जास्त असते.

फायदा आहे, आणि तो लवकर मिळतो. दहा ते चौदा दिवस उकाड्यात सराव केला की रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी पडतात. उंची रक्त दाट करून सुरुवात करते, उकाडा ते पातळ करून. या तयारीचा थंड हवेतल्या स्पर्धेत उपयोग होतो की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण उन्हाळी स्पर्धेसाठी यासारखी तयारी नाही, यावर कोणाचे दुमत नसावे.

काळजीची बाब उष्माघाताची. धावता धावता माणूस असंबद्ध बोलू लागला, भेलकांडू लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसण्याऐवजी त्याला लगेच गार पाण्यात गळ्यापर्यंत बुडवावे. अमेरिकेतल्या फॅल्मथ शर्यतीत वर्षानुवर्षे हाच उपाय केला गेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा २७४ रुग्णांपैकी एकही दगावला नव्हता. दमट प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक धावगटाला हे तोंडपाठ असायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

किनाऱ्याच्या वाळूविषयी थोडे. मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू छान असते, पण ती समुद्राकडे उतरती असते आणि एकच पाय सतत खालच्या बाजूला पडतो. येताना त्याच पट्ट्यावरून परत या, म्हणजे दोन्ही पायांवर भार सारखा पडेल.

पायवाट

खारा वारा, आपण इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल आभार. एक शंका आहे. अशा हवेत सराव करताना वेग धरायचा की नाडी? माझ्याकडे सगळे वेळापत्रक किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांत लिहिलेले असते, आणि ते थंड ऋतूतल्या वेळांवरून बेतलेले आहे.

खारा वारा

नाडी आणि स्वतःची जाणीव. ते वेळापत्रक उन्हाळ्यात बाजूला ठेवावे लागते. त्यातही हळू धावणाऱ्याला जास्त सूट घ्यावी लागते, कारण तो रस्त्यावर अधिक वेळ असतो; मॅरेथॉनच्या निकालांवरच्या २००७ सालच्या एका अभ्यासात उष्णता वाढेल तसे सगळेच मंदावतात, पण मागचे धावपटू आघाडीच्या धावपटूंपेक्षा अधिक मंदावतात, असे स्पष्ट दिसले होते.

उत्तररात्र

थंड प्रदेशाची बाजू मी मांडते. मॅरेथॉनच्या उत्तम वेळा साधारण ५ ते १० अंश सेल्सिअसमध्ये नोंदल्या जातात, म्हणून थंडी धावपटूला मानवते असा समज झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. असे हवामान थंड प्रदेशात वसंतात आणि शरदात काही आठवडे मिळते, आणि ते आठवडे खरोखर स्वर्गीय असतात. उरलेला हिवाळा वेगळा असतो.

त्यात सर्वांत त्रासाचे तापमान नसून बर्फाचा निसरडा थर आणि अंधार आहे. निसरड्यावर पाऊल आखूड पडते, मांडीच्या आतले स्नायू सतत ताणलेले राहतात आणि वेगाचा सराव अशक्य होतो. कामाला जाताना अंधार आणि परततानाही अंधार, असे महिनेच्या महिने चालते. पाण्याच्या बाटलीचे तोंड गोठते, पापण्यांवर आपल्याच श्वासाचे दव जमून त्याचे बर्फ होते. उणे १५ अंशांच्या खाली जोरात धावले की कोरडी, गार हवा श्वासनलिकांना इजा करते. बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीपटूंमध्ये दम्याचे प्रमाण जास्त आढळते ते याच्याशी जोडले जाते. अशा दिवशी तोंडावर पातळ कापड बांधून हळू धावावे किंवा घरात राहावे.

एक नेम मात्र कधीही मोडू नये : जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचे आणि परतताना वारा पाठीवर घ्यायचा. उलटे केले तर घामाने ओले झालेले अंग परतीच्या वाटेवर समोरच्या वाऱ्यात गारठते, आणि घर दूर असते.

तरीही इथे राहून उत्तम धावता येते, याचे उदाहरण नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियानसेनचे आहे. हिवाळ्यात ती सरावाचा मोठा भाग घरातल्या ट्रेडमिलवर करत असे, आणि १९८५ साली लंडनला तिने २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. ट्रेडमिलवर हवेचा विरोध नसतो, म्हणून वेगात धावताना १ टक्का चढ ठेवावा, असे १९९६ सालच्या अभ्यासापासून मानले जाते. ज्यांना ट्रेडमिलवर एक तास काढणे असह्य होते, त्यांनी मात्र थंड प्रदेशात कायमचे राहायला येण्यापूर्वी याचा गंभीरपणे विचार करावा. माझ्या मते इथे टिकण्याची खरी कसोटी फुप्फुसांची नसून तीच आहे.

सिग्नलपाशी

महानगराला सगळे नावे ठेवतात, म्हणून लिहिणे भाग आहे.

हवेचा दोष मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, आणि कित्येक महानगरांत वर्षातले थोडेच दिवस त्या मर्यादेत बसतात. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावणारा शंभर लिटरच्या पुढे जातो, तोही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी वगळून. पण जागा आणि वेळ निवडणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. वर्दळीच्या रस्त्यापासून शंभर ते तीनशे मीटर आत गेले की गाड्यांच्या धुराचे प्रमाण झपाट्याने उतरते. हिवाळ्यात पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि त्यात कण साचतात, म्हणून त्या ऋतूत थोडे उशिरा धावणे बरे. उन्हाळ्यात दुपारी उन्हामुळे ओझोन वाढतो, म्हणून तेव्हा सकाळ बरी. सगळ्या ऋतूंत पहाटच उत्तम असे धरून चालणे चुकीचे आहे.

आता महानगर काय देते ते पाहा. मोजलेला ट्रॅक, रात्रीही उजेड असलेले रस्ते, पाय दुखावला तर दाखवायला जाणकार, आणि आपल्याच वेगाची माणसे. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. केनियातल्या, उंचीवरच्या इतेन या गावाची कीर्ती केवळ तिथल्या २४०० मीटरमुळे नाही. तिथे रोज सकाळी एकत्र निघणारे मोठे गट आहेत, आणि त्या गटाबरोबर राहण्यासाठी धावपटू जे करतो ते तो एकटा असताना करत नाही. तुमच्या डोंगराळ गावात धावणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल, तर तिथली उंची ही भरपाई करू शकणार नाही.

संथगती

वरचे सगळे प्रतिसाद जाणकारीने लिहिलेले आहेत, तरी एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. केनिया आणि इथिओपियाच्या धावपटूंची उदाहरणे वाचून, प्रौढ वयात उंचीवर राहायला गेले की आपल्यालाही ते मिळेल असे वाटू लागते. ते लोक तिथे जन्मले, तिथेच वाढले. शिवाय उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची शरीरेसुद्धा एकाच वाटेने गेलेली नाहीत : अँडीज पर्वतातल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त आढळते, तर तिबेटी लोकांत ते तितकेसे वाढलेले नसते. तेव्हा एकाच उंचीवर गेलेल्या दोन धावपटूंना सारखाच लाभ होईल असे धरू नये.

मी वयाने मोठा आहे, आणि माझ्या दृष्टीने जागेचा खरा गुण हा की तिथे वर्षाच्या किती दिवसांत विनासायास, इजा न होता बाहेर पडता येते. डोंगराळ गावात चढापेक्षा उतार अधिक घातक ठरतो, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. सपाटीवर वर्षे काढलेल्या माणसाने पहिल्याच महिन्यात रोज उतार धावले, तर गुडघे आणि पोटऱ्या दोन्ही तक्रार करू लागतात. चढ धावावा आणि सुरुवातीला उतार चालत उतरावा.

उंचसखल

संथगती, उताराविषयी आपण लिहिले ते अगदी योग्य आहे, आणि लाभ सर्वांना सारखा होत नाही हेही मान्य. मात्र प्रौढ वयात काहीच मिळत नाही असे कोणी समजू नये. १९९७ च्या अभ्यासातले धावपटू उंचीवर जन्मलेले नव्हते. २०१४ साली त्याच संशोधकांच्या मंडळींनी निरनिराळ्या उंचींवर राहणाऱ्या धावपटूंची तुलना केली, तेव्हा साधारण २००० ते २५०० मीटरचा पट्टा सर्वांत उपयोगी ठरला. त्याहून खाली लाभ अपुरा पडला आणि २८०० मीटरवर राहणाऱ्यांनाही तसा लाभ दिसला नाही.

पायवाट

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. थंड प्रदेश मी यादीतून काढला आहे. ट्रेडमिलवर मला अर्धा तासही काढवत नाही, आणि उत्तररात्र यांनी लिहिलेली कसोटी मला लागू पडते. महानगरातली हवा मी ज्या भागात राहणार होते तिथे वर्षाचा मोठा काळ खराब असते आणि मोकळे मैदान दूर आहे, त्यामुळे तोही पर्याय मागे पडला.

डोंगराळ गाव २१०० मीटरवर आहे. तिथून खाली १००० मीटरवरच्या सपाट रस्त्यापर्यंत गाडीने साधारण सव्वा तास लागतो. रोज ते शक्य नाही, आठवड्यातून एकदा शक्य आहे. धावणारे पाच-सहा जण तिथे आहेत असे कळले. किनाऱ्यावरच्या शहरात गट मोठा आहे, पण माझ्या मुख्य स्पर्धा थंड ऋतूत असतात. आठवड्यातून एकच वेगाचा सराव खाली आणि बाकी सगळे वर, एवढ्याने पायांचा वेग टिकेल का? उंचसखल, आपले मत हवे आहे.

उंचसखल

टिकेल, पण तो एक सराव चुकवायचा नाही. त्यासोबत वर राहूनही आठवड्यातून एक-दोन वेळा १५ ते २० सेकंदांच्या छोट्या, पूर्ण वेगाच्या धावा घ्याव्यात आणि मधे पूर्ण विश्रांती घ्यावी. एवढ्या कमी वेळात प्राणवायूची उणीव आड येत नाही आणि पायांना वेगाची आठवण राहते. जास्त अंतराचे इंटरव्हल (मधे विश्रांती घेत धावायचे वेगवान टप्पे) वर घ्यायचेच असतील तर वेग सपाटीचा ठेवून अंतर कमी करा आणि विश्रांती वाढवा. अंतर तेच ठेवून वेग पाडू नका.

जाण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून घ्या. साठा कमी निघाला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो आधी भरून काढा. गोळ्या मनाने सुरू करू नका, कारण लोह जास्त झालेलेही बाधते. पोहोचल्यावर पहिले दहा दिवस घड्याळातला वेग न पाहता फक्त हलके धावा आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. त्या पाच-सहा जणांना आधीच भेटून पावसाळ्यात खाली उतरणारा रस्ता किती दिवस बंद असतो हे विचारा. वर्षातले दोन-तीन महिने तो बंद राहत असेल, तर त्या महिन्यांतल्या वेगाच्या सरावाची सोय घर घेण्यापूर्वी ठरवावी लागेल.